गिटारची खुंटी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जण हंसले असतील. साठी उलटलेल्या शाळामास्तरानें बोलावें तर तंबोऱ्याविषयीं बोलावें, फार तर सतारीविषयीं. विद्युत्-गिटारशीं त्याचा संबंध काय? शंका रास्त आहे. माझा संबंध आला तो नातवामुळें, आणि तो दृढ झाला मीं केलेल्या एका चुकीमुळें. ती चूक लपवूं म्हटलें तरी लपत नाहीं, कारण गिटारच्या डोक्यावर ती अजून दिसते. आज हें वाद्य गांवोगांवीं पोंचलें आहे, त्याच्या खुंट्या घरच्या घरीं बदलण्याची हौसही पुष्कळ तरुणांस असते, आणि घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या कपाटांत ड्रिल, कानस व पक्कड असतेच. तेव्हां मजप्रमाणें कोणी हत्यार हातीं घेण्यापूर्वीं चार शब्द त्याच्या कानीं पडावे, एवढीच इच्छा.

प्रथम एक गैरसमज दूर करतों. विद्युत्-गिटार या नांवांतील विद्युत् केवळ स्वर मोठा करण्यापुरती आहे. तारांच्या खालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. वरची पोलादी तार थरथरली कीं वेटोळ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते, व पुढें ती वाढवून कर्ण्यांत सोडतात. खुंटीला या विजेचा स्पर्शही नसतो. ती शुद्ध यांत्रिक वस्तु आहे, आणि तिची जात पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेंतील लिओ फेंडर यानें १९५४ सालीं बाजारांत आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर नांवाच्या गिटारमध्यें सहाही खुंट्या डोक्याच्या एकाच बाजूस रांगेनें बसविलेल्या आहेत, आणि लोक ती त्याची नवलाई समजतात. परंतु व्हिएन्ना शहरांतील श्टाउफर नांवाचा कारागीर एकोणिसाव्या शतकांतच तशी रांग लावीत असे. असो.

आपल्या तंबोऱ्याची खुंटी म्हणजे निमुळती केलेली लांकडाची मुठ्ठी. भोंकांत ती घट्ट दाबली जाते, आणि केवळ घर्षणाच्या बळावर तारेचा ओढा सहन करते. पावसाळ्यांत लांकूड फुगलें कीं ती हलत नाहीं, उन्हाळ्यांत आटलें कीं ती थांबत नाहीं; मग आपण खडू लावतों, दाबून पिळतों, आणि बारकें जुळविणें तारेतील मण्यावर सोंपवितों. गिटारच्या खुंटीची रचना निराळी आहे. आपण पिळतों ती मूठ एका लहानशा मळसूत्राला जोडलेली असते. तें मळसूत्र एका दांतेरी चाकाला भिडतें, आणि चाकावर उभा असलेला खांब तार गुंडाळतो. पुष्कळशा खुंट्यांत मूठ चौदा वेळां फिरविली म्हणजे खांब एकदां फिरतो. कांहींत अठरा वेळां. तंबोऱ्याची खुंटी तार गुंडाळते त्या जागीं बारा मिलिमीटर जाड धरली, तर एका फेऱ्यांत सुमारें अडतीस मिलिमीटर तार ओढली जाते. गिटारचा खांब सहा मिलिमीटर जाड धरला, तर मुठीच्या एका फेऱ्यांत तार ओढली जाते ती सव्वा-दीड मिलिमीटर. मण्याचें काम खुंटीच करते.

याहून महत्त्वाचा गुण दुसराच आहे. मळसूत्र चाकाला फिरवूं शकतें. चाक मळसूत्राला फिरवूं शकत नाहीं. मोटारीचें चाक बदलतांना मळसूत्राचा जॅक लावतात. दांडा फिरविला कीं गाडी वर जाते, पण हात काढला म्हणून गाडीच्या भारानें दांडा उलट फिरत नाहीं. वर्गांत मी हा पाठ देत असें तेव्हां कागदाचा एक त्रिकोण कापून पेन्सिलीभोंवतीं गुंडाळून दाखवीत असें: मुलांनो, ही उतरण, आणि ती गुंडाळली म्हणजे झालें मळसूत्र, उतरण जितकी मंद, तितका भार मागें घसरणें कठीण. तीस वर्षें मीं तो त्रिकोण कापला. ज्या दिवशीं त्याचा उपयोग करावयाचा, त्या दिवशीं मात्र तो मला आठवला नाहीं.

त्याचें असें झालें. नातवानें शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून गिटार घेतली. स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीवर घडविलेली, पण मूळ कारखान्याची नव्हे. तिच्या पोटाशीं एक दांडी असते. ती दाबली कीं सर्व तारा एकदम ढिल्या होऊन स्वर खालीं येतो, सोडली कीं पाठीमागील स्प्रिंगा त्यांस परत ताणतात. फेंडरनें या योजनेस ट्रेमोलो असें नांव दिलें. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे स्वराचा जोर कमी-अधिक होणें. येथें बदलते ती स्वराची उंची. नांव चुकलें तें चुकलेंच, आणि आज जगभर तेंच चालतें. मास्तरकीच्या खोडीमुळें हें सांगितल्यावांचून मला राहवलें नाहीं.

एके दिवशीं नातू माझ्या खोलीच्या दारांत येऊन म्हणाला, “आजोबा, तारा स्वरांत राहात नाहींत. कधीं उतरतात, कधीं चढतात. खुंट्या घसरत असणार. नव्या मागवल्या आहेत. तुमचें ड्रिल द्याल का?”

“ड्रिल देतों,” मी म्हणालों, “पण भोंक मी पाडीन. तूं नुसती धर.”

गणेशोत्सवांतील त्याचा कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता. नव्या खुंट्या लॉकिंग जातीच्या होत्या. म्हणजे तार खांबाच्या भोंकांतून ओंवून मागील स्क्रूनें तेथेंच आवळावयाची, फारसे वेढे द्यावयाचे नाहींत. त्यांची नळी जाड, भोंक लागतें दहा मिलिमीटरचें. जुनीं भोंकें होतीं पावणेनऊच्या आंतबाहेर. मीं आयुष्यभर तंबोऱ्याच्या खुंट्या घासल्या आहेत. सव्वा मिलिमीटर लांकूड काढणें तें काय, असें मनांत म्हणून दहा मिलिमीटरचें टोंक ड्रिलला लावलें आणि पहिल्याच भोंकावर टेकविलें.

येथें लक्ष द्यावें. कोऱ्या लांकडावर ड्रिलचें टोंक मध्यबिंदूवर रुततें व त्याच्या आधारानें बाजूच्या धारा लांकूड कापतात. आधींच भोंक असेल तर मध्यबिंदु राहतच नाहीं. मग दोन्ही धारा भोंकाच्या कडेला एकदम पकडतात, हिसका बसतो, आणि कापण्याऐवजीं लांकूड फाटतें. तसेंच झालें. नखाएवढा एक टवका रंगासकट उडाला, आणि भोंक वांकडें झालें. नातवानें वाद्य खालीं ठेविलें. तो कांहीं बोलला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें. पुढील दोन दिवस मजशीं त्याचें बोलणें जेवणाच्या ताटापुरतें राहिलें.

तिसऱ्या दिवशीं आम्ही दोघे मिरजेस गेलों. सतार व तंबोरा यांच्या घडणीसाठीं मिरज एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ही परंपरा सांगतात, व हीं घराणीं मूळचीं हत्यारें घडविणाऱ्या शिकलगारांचीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, तें आपण ऐकलें असेल. ज्यांनीं माझा तंबोरा एकदां दुरुस्त केला होता, त्या वृद्ध कारागिरांपुढें मीं ती गिटार ठेविली. मनांत धाकधूक होती कीं, हें परकें वाद्य पाहून ते नाक मुरडतील. तसें मुळींच झालें नाहीं. आपल्याकडे गिटार नवी नाहीं. ब्रिजभूषण काबरा यांनीं तिच्यावर राग वाजविले, विश्वमोहन भट्ट यांनीं तिला चिकारी व तरफेच्या तारांसाठीं जादा खुंट्या जोडून मोहनवीणा केली.

त्यांनीं फुटलेल्या भोंकाकडे ओझरतें पाहिलें आणि विचारलें, “हें कशासाठीं केलें, गुरुजी?”

“खुंट्या घसरतात म्हणून.”

“घसरतात म्हणजे काय होतें?”

मी सांगूं लागणार तोंच नातू म्हणाला, “दांडी दाबून सोडली कीं तार थोडी चढते. आणि बोटानें तार ओढून मींड घेतली कीं उतरते.”

कारागीर मजकडे पाहून म्हणाले, “खुंटी घसरली तर तार उतरेल, गुरुजी. चढेल कशी?”

श्रोते हो, मुलानें पहिल्याच दिवशीं मला दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. मीं त्यांतली ‘उतरते’ एवढीच ऐकली, कारण तंबोऱ्याच्या संवयीनें उत्तर आधींच ठरवून टाकलें होतें.

दोष कोठें होता? गिटारच्या डोक्याजवळ, पडद्यांची पट्टी सुरूं होते तेथें, हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक आडवी पट्टी असते. गिटारवाले तिला नट म्हणतात. तिच्यांतील सहा खांचांतून सहा तारा खुंट्यांकडे जातात. दांडी दाबली कीं वाजणारी तार ढिली पडते, आणि पट्टीपलीकडचा तुकडा अधिक ताणलेला असल्यामुळें तार किंचित् खुंटीच्या बाजूस सरकते. दांडी सोडल्यावर तितकीच तार खांचेंतून परत आली पाहिजे. खांच अरुंद असली तर ती अडते; वाजणाऱ्या भागांत तार कमी पडते, आणि स्वर चढतो. मींड घेतली कीं याच्या उलट: तार खांचेंतून पुढें ओढली जाते, बोट सोडल्यावर मागें जात नाहीं, आणि स्वर उतरतो. चढणें व उतरणें या दोहोंचें एकच कारण, आणि तें खुंटीपासून चार बोटें अलीकडे.

हें अडणें किती सूक्ष्म असूं शकतें याचा हिशेब मीं घरीं येऊन केला. पहिली तार, पाव मिलिमीटर जाड, तिच्या ठराविक स्वरास सुमारें ७.३ किलोच्या ओढ्यानें ताणलेली असते. सहाही तारांचा मिळून ओढा सुमारें ४७ किलो होतो. स्वराची उंची ताणाच्या वर्गमुळाप्रमाणें बदलते. शेजारच्या दोन स्वरांतील, म्हणजे कोमल व शुद्ध यांतील, अंतराचा विसावा भाग बेसूर व्हावयास पहिल्या तारेच्या ओढ्यांत अवघा चाळीस-बेचाळीस ग्रॅमचा फरक पुरतो. आणि एवढा फरक तयार कानास खटकतो. चाळीस ग्रॅम म्हणजे मोठ्या लिंबाएवढेंही वजन नव्हे. तेवढें घर्षण त्या खांचेंत असलें कीं पुरे.

पण तें आतांच कां आलें? कारागिरांनीं विचारलें, “तारा बदलल्या होत्या का?” नातवानें कबूल केलें कीं तीन महिन्यांपूर्वीं त्यानें एक माप जाड तारा चढविल्या. पूर्वींची सहावी तार १.०७ मिलिमीटरची होती, नवी १.१७ मिलिमीटरची. खांचा जुन्या मापाच्याच राहिल्या. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठीं मीं वाद्याचें डोकें फोडलें होतें.

परीक्षा सोपी आहे, ती सांगतों. मूठ अगदीं हळूहळू फिरवावी आणि कान द्यावा. स्वर सरळ चढत गेला तर खांच मोकळी आहे. कांहीं वेळ स्वर जागचा हालला नाहीं, मग ‘टिक्’ असा बारीक आवाज होऊन एकदम उडी मारून वर गेला, तर तार खांचेंत अडली आहे. खुंटीचा खरा दोष निराळा दिसतो: मूठ फिरविली तरी खांब फिरत नाहीं, चाकाचे दांत झिजून मधेंच गचका बसतो, खांब बोटानें डुगडुगतो, किंवा मागील स्क्रू सैल असतो. हे दोष असतील तर खुंटी अवश्य बदलावी. चांगल्या खुंटींतही चाक व मळसूत्र यांत केसभर मोकळीक असते. म्हणून स्वर नेहमीं खालून वर आणून थांबावें. वर गेला तर पुरता खालीं उतरवून पुन्हां वर आणावा.

खांचेचा उपाय त्यांनीं आमच्यासमोर केला. त्याच तारेचा टाकाऊ तुकडा घेतला, त्यावर अगदीं बारीक पॉलिशकागद एक वेढा गुंडाळला, आणि खांचेंतून हलक्या हातानें पुढें-मागें ओढला. खांच रुंद करावयाची, खोल नाहीं. ती खोल गेली तर तार पहिल्या पडद्यावर खणखणूं लागते, आणि मग सबंध पट्टीच नवी घालावी लागते. ओढतांना तुकड्याचा कल डोक्याच्या बाजूस उतरता ठेवावा. शेवटीं मऊ पेन्सिलीचें टोंक खांचेंत घासून त्याची काळी पूड आंत राहूं द्यावी. ती वंगणाचें काम करते. पेन्सिल त्यांनीं माझ्याच खिशांतली घेतली.

फुटलेलें भोंक बुजविण्यास त्यांनीं हेदूच्या पिवळसर लांकडाची गुल्ली घडविली. गिटारचें डोकें मेपल नांवाच्या विलायती लांकडाचें असतें, त्याच्या रंगाशीं हेदू बराच जुळतो. गुल्लीचे रेषे त्यांनीं डोक्याच्या रेषांस समांतर ठेविले. बाजारांत मिळणाऱ्या गोल काठीचा तुकडा ठोकला तर त्याचे रेषे उभे येतात, व हवा बदलली कीं दोन्ही लांकडें निराळ्या दिशांनीं फुगतात. सरस वाळल्यावर दुसऱ्या दिवशीं जुन्या मापाचें भोंक पाडून जुन्याच खुंट्या परत बसविल्या. कार्यक्रमाच्या रात्रीं मी मंडपांत तिसऱ्या रांगेंत बसलों होतों. तें संगीत मला कळलें असें म्हणत नाहीं. तारा मात्र स्वरांत होत्या.

उत्सव संपल्यावर नातू नव्या खुंट्यांचें पाकीट घेऊन आला आणि म्हणाला, “आतां ह्या बसवूं या, आजोबा. पण रीमरनें.” रीमर म्हणजे धारा असलेलें निमुळतें हत्यार, तें हातानें फिरवून भोंक हळूहळू रुंद करतात. त्यास मध्यबिंदूची गरज नसते, कारण तें भोंकाच्या सर्व कडांस सारखेंच टेकतें. निमुळतें असल्यामुळें भोंकही निमुळतें होतें. यास्तव थोडें पुढून, थोडें मागून फिरवावें, व दर चार-दोन वळशांनीं खुंटीची नळी घालून पाहावी. कडेला आधीं कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे रंगाचे टवके उडत नाहींत. नळी हाताच्या दाबानें जावी. ठोकून बसवूं नये.

सहाही खुंट्या भोंकांत घालून पुढील नट नुसते टेकवावे, मागील बाजूस पट्टी लावून त्या एका ओळींत आणाव्या, आणि मगच मागच्या बारीक स्क्रूंच्या जागा आंखाव्या. हे स्क्रू फार नाजूक असतात. आधीं भोंक न पाडतां पिळले तर त्यांचीं डोकीं तुटून हातांत येतात व धड लांकडांत राहतें. भोंक स्क्रूच्या गाभ्याएवढें पाडावें. त्याची खोली समजावी म्हणून ड्रिलच्या टोंकाला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळावा, कारण डोक्याची जाडी दीड सेंटीमीटरच्या आंतच असते आणि ड्रिल पुढून बाहेर पडावयास वेळ लागत नाहीं. स्क्रूला थोडें मेण लावावें. आम्हांस सहा खुंट्यांस एक दुपार लागली. या खेपेस रीमर नातवाच्या हातीं होता, आणि वाद्य मी धरलें होतें.

या नव्या खुंट्यांनीं लाभ काय झाला, असें कोणी विचारील तर प्रामाणिकपणें सांगावें लागेल कीं तारा बदलणें झटपट होतें, आणि खांबावर वेढे जवळजवळ नसल्यामुळें तेथें सैल पडण्यास कांहीं उरत नाहीं. जुन्या खुंटीवरही दोन-तीन वेढे नीट एकाखालीं एक घेतले, एकमेकांवर चढूं दिले नाहींत, तर ती तक्रार फारशी राहात नाहीं. स्वर टिकण्याचा जो मोठा लाभ झाला, तो पेन्सिलीच्या पुडीनें आधींच झाला होता. नातू हें मान्य करतो. मात्र नव्या खुंट्या दिसावयास चांगल्या आहेत, असेंही म्हणतो.

पहिल्या खुंटीच्या वायसराखालून हेदूच्या लांकडाची पिवळी कोर थोडी बाहेर दिसते. रंग लावून ती झांकून देण्याची तयारी मीं दाखविली होती. त्यानें नको म्हटलें. जुन्या सहा खुंट्या तेल लावून एका डब्यांत ठेविल्या आहेत. त्यांतल्या चार माझ्या तंबोऱ्याला बसवाव्या, म्हणजे पावसाळ्यांत खडू लावीत बसावें लागणार नाहीं, असा त्याचा आग्रह चालला आहे. मीं त्यास अद्याप होकार दिलेला नाहीं.